दारं कुठल्या दिशेला

नारीनच्या जिल्हा दवाखान्यात माझं काम एवढंच:
पाच मीटरवर खुर्ची, समोर उजेडाची पेटी,
पेटीत तक्ता, हातात काडी.
डोळे डॉक्टर उघडतात.
मी विचारते, आणि ऐकते ते लिहिते.

बुरुल-आपा पहिल्यांदा आली
तेव्हा पेटी लावावीच लागली नाही.
नाकासमोर धरलेली माझी दोन बोटं
तिने तीन सांगितली.
डाव्या डोळ्यापुढे नुसता हात हलवला,
"काहीतरी उडतंय," म्हणाली, "कावळा असेल."
मी लिहिलं: उजवा, बोटं, अर्धा मीटर.
डावा, हाताची हालचाल.
दोन्हीकडे पिकलेला मोतीबिंदू.

उजव्याचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी
ताठ बसली, आणि मी काडी लावायच्या आत
शा, बे, एम, एन, का,
घडाघडा उतरत गेली तळापर्यंत,
जी ओळ मलाही डोळे बारीक करून लागते
ती पण बिनचूक.
तीस वर्षं शाळेची फरशी पुसलेली बाई;
नर्सच्या खोलीत हाच तक्ता,
आणि रांगेतली पोरं एकमेकांना पढवायची.
"पाठ नको म्हणूस, आपा. बघ."
"बघतेच आहे," म्हणाली, "आतून."

मग मी काडी उजव्या अर्ध्यावर नेली.
तिथे अक्षरं नाहीत, नुसती कडी,
प्रत्येक एका बाजूला तुटलेली.
कुठे तुटलंय तेवढं सांगायचं.

ती गप्प. जरा पुढे झुकली.
"ही तर आपली बोझ-उय! नमद्याची गोल घरं,
घारीला वरून दिसतात तशी."
आणि दारं सांगू लागली.
ह्याचं खाली. ह्याचं उजवीकडे,
बरोबर, सूर्य उगवतो तिकडे.
ह्याचं डावीकडे? हा कोण शहाणा,
सगळा वारा घरात घेणारा?
तिसऱ्या ओळीपर्यंत वस्ती नीट होती.
चौथीवर धुकं उतरलं.

थेंब, सूज, आणखी थेंब.
महिन्याने चाचणीची जड चौकट तिच्या नाकावर,
आणि मी भिंगं बदलत होते:
अशी बरी, की अशी?
अशी,
की अशी?
एक काच सरकली
आणि सहाव्या ओळीची दारं उघडली. सगळी.

मी पेन उचललं.
"थांब, बाळा."
तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर
सून, कुन्दुझ, हिचा कोट मांडीवर घेऊन.

"घरी माझा शिर्दाक आहे,
तांबड्या-काळ्या नमद्याचा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी.
दिसेनासं झालं तरी सोडला नाही मी,
तीन हिवाळे चाचपून शिवला.
गावभर सांगायचे, बोटांना डोळे असतात.
परवा खिडकीशी नेऊन पाहिला.
टाका माझा नाही त्यात.
माझा तिरका. हा बारीक, सरळ,
लग्न होऊन आली तेव्हा ह्याच टाक्यावरून
रडवलं होतं मी तिला.
उसवायची आणि शिवायची, रात्री,
मी झोपल्यावर.
तीन हिवाळ्यांत एक शब्द नाही."

पेटीतला दिवा गुणगुणत होता.
"दोन ओळी कमी सांग तिला," आपा म्हणाली.
"मला कळलंय, हे तिला कळायला नको.
निदान डावा होईपर्यंत."

मी खोटं लिहीत नाही. कागदावर सहा लिहिलं,
कागद घडी घालून फाइलीत सरकवला,
आणि दार उघडून म्हटलं:
"चौथी ओळ. अजून थोडं धुकं आहे."

कुन्दुझने तिला कोट चढवला,
कोपराला धरलं,
"आई, इथे पायरी आहे, उंच."
आपाने पाय उचलला,
लागतो त्याहून
जरा जास्तच.